दूध संस्थांचं ॲप, फायरबेसचं वाढलेलं बिल, आणि क्लाऊड बदलू का?

आधी प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो, चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू एकट्याने फ्लटरमध्ये (गुगलचं ॲप बनवायचं साधन) दूध संस्थांसाठी संकलनाचं ॲप केलंयस, मागे फायरस्टोअर, म्हणजे गुगलच्या फायरबेसमधला डेटाबेस. आज ४० संस्था वापरतायत, एका संस्थेत सरासरी २०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन वेळचं दूध. संस्थेकडून महिन्याला ३०० रुपये घेतोस. पहिले काही महिने बिल शून्य, मग सहाशे, आणि आता साडेचार हजार, तेही महिनाअखेरीला चढत जातं नि एक तारखेला धपकन खाली येतं. त्यात आता उत्पादकांसाठी वेगळं ॲप काढायचंय म्हणजे आठ हजार लोक येणार. एकाने सांगितलं एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाऊड) जा, कुबरनेटीस (खूप सर्व्हर एकत्र सांभाळणारी यंत्रणा) लाव. दुसऱ्याने सांगितलं पाचशे रुपयांचा व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घे नि मोकळा हो. तर कुठला क्लाऊड घेऊ, असं विचारलंयस.

वय तूच लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. आणि सर नको म्हणू, दादा चालेल.

माझं म्हणशील तर २०११ पासून हेच करतोय, पुण्यात. पहिलं काम टाकलं तेव्हा एडब्ल्यूएसचं भारतात रीजनच (डेटा सेंटरचं ठिकाण) नव्हतं, सगळं सिंगापूरला ठेवायचो, मुंबईचं आलं जून २०१६ मध्ये. मधली दोन वर्षं अशाच एका दूध संकलनाच्या सिस्टिमचं बॅकएंड सांभाळलंय, आणि आजोळ कागलकडचं, मामा संस्थेत टेस्टर, त्यामुळे फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घनपदार्थ) मला कोडच्या आधीपासून माहिती आहे. तरी तुझा कोड मी बघितलेला नाही, बिलाच्या आकारावरून आणि तू जे चार स्क्रीन सांगितलेस त्यावरून बोलतोय, हे धरून चाल.

आता उत्तर. कुठेही जाऊ नको. निदान दिवाळीचा फरक (वर्षभराच्या दुधावर उत्पादकांना वाटतात ती जादा रक्कम) वाटून होईपर्यंत तरी नको.

का ते बघ. तुझ्याकडे खरा लोड किती आहे कधी मोजलायस का? ४० संस्था गुणिले २०० गुणिले २, म्हणजे दिवसाला १६,००० एन्ट्री. एका वेळच्या ८,०००. दूध साधारण दोन तासात गोळा होतं, म्हणजे ७,२०० सेकंदात ८,००० एन्ट्री, सेकंदाला एक आणि थोडी वर. गर्दीच्या वेळी तीन-चार धर. एवढ्याला कुबरनेटीस म्हणजे किटलीभर दुधाला टँकर बोलावण्यातला प्रकार. माझ्या टेबलाखाली पडलेला जुना लॅपटॉपसुद्धा एवढं काम झोपेत करेल. तेव्हा स्केलचा विषय डोक्यातून काढ, तुझा विषय वेगळाच आहे आणि तो तुझ्या होम स्क्रीनमध्ये आहे.

तू लिहिलंयस की ॲप उघडल्यावर "चालू महिन्याचं संकलन" दिसतं आणि ते लाईव्ह आहे. म्हणजे संस्थेच्या या महिन्याच्या सगळ्या एन्ट्रींवर लिसनर (डेटा बदलला की लगेच फोनला कळवणारी जोडणी) लावलायस. फायरस्टोअर पैसे घेतं डॉक्युमेंट (एक नोंद, तुझ्याकडे दर एन्ट्रीला एक) वाचण्याचे, दर डॉक्युमेंटला एक रीड. महिन्याच्या तीस तारखेला एका संस्थेची डॉक्युमेंट किती? २०० गुणिले २ गुणिले ३०, बारा हजार. सेक्रेटरी, चेअरमन आणि टेस्टर असे तीन फोन, प्रत्येकजण दिवसात चार वेळा ॲप उघडतो असं धरू. आता लोकांना इथे वाटतं की ऑफलाइन कॅश (फोनवर साठवलेली प्रत) आहे म्हणजे परत वाचणार नाही. तसं नसतं. लिसनर तुटून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला की पुढच्या वेळी अख्खी क्वेरी नव्याने मोजली जाते. सकाळी उघडलं, दुपारी उघडलं, प्रत्येक वेळी बारा हजार. चेअरमनला फक्त "आज किती लिटर झालं" एवढंच बघायचं असतं, आणि तू त्याला अख्खा महिना वाचून दाखवतोयस.

महिन्याची सरासरी सहा हजार डॉक्युमेंट धरली तर ४० संस्था, ३ फोन, ४ वेळा, ६,०००, म्हणजे दिवसाला २८ लाख ८० हजार रीड. महिन्याला साडेआठ कोटींच्या वर. रीडचा दर रीजनप्रमाणे बदलतो पण एवढ्या रीडला जीएसटी धरून तुझं साडेचार हजार साधारण बसतं, आणि एक तारखेला बिल का पडतं तेही कळलं असेल, कारण त्या दिवशी महिना रिकामा असतो. हेच तू उचलून दुसरीकडे नेलंस तर तिथे रीडचे पैसे लागणार नाहीत कदाचित, पण तोच डेटा गावातल्या नेटवर ओढत बसायला लागेल आणि सर्व्हर, बँडविड्थ असं कुठल्यातरी दुसऱ्या नावाने ते बिलात येणारच.

आता कागदी वही आठव. संस्थेत संकलनाची वही असते, एका वेळचं एक पान. सकाळचं पान वेगळं, संध्याकाळचं वेगळं. खाली बेरीज. सेक्रेटरी आजचं बघायला वहीचं पहिलं पान उघडून वाचत येत नाही. आणि उत्पादकाकडे त्याचं कार्ड, त्यावर दहा दिवसांचं दूध, दहा दिवसाला बिल, की नवीन कार्ड. हा हिशोब पन्नास-साठ वर्षं चालवून लोकांनी बसवलेला आहे, आपण कॉम्प्युटरवाले येऊन म्हणतो दर एन्ट्रीला एक डॉक्युमेंट. मी पण हेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

तर फायरस्टोअरमध्ये तेच कर. एक "पान" डॉक्युमेंट: संस्था, तारीख, वेळ. त्यात मॅप (की आणि तिच्यासमोरची माहिती अशी यादी), उत्पादक क्रमांक ही की आणि आत लिटर, फॅट, एसएनएफ. दोनशे ओळींचं पान वीसेक केबीचं होतं, डॉक्युमेंटची मर्यादा १ एमबीची आहे, लांबच राहिली. वर बेरजेची दोन-तीन फील्ड. होम स्क्रीनला आजचं पान वाचलं की झालं, एक रीड. महिना बघायचा तर ६० रीड, बारा हजार नाही. दुसरं "कार्ड" डॉक्युमेंट: उत्पादक आणि दहा दिवसांचा काळ, आत वीस ओळी. उत्पादकाचं ॲप फक्त हेच वाचेल.

हिशोब करू. आठ हजार उत्पादक, दिवसातून दोनदा उघडतील, प्रत्येक वेळी तीन डॉक्युमेंट: त्याची माहिती, चालू कार्ड, मागचं कार्ड. ४८,०००. फायरस्टोअरच्या फुकट रीड दिवसाला ५०,००० आहेत. म्हणजे अख्खं उत्पादकांचं ॲप जवळपास फुकटात. हेच तू सध्याच्या पद्धतीने केलंस, म्हणजे संस्थेचा महिना ओढून फोनवर फिल्टर केलास (हसू नको, मी हे दोन प्रॉडक्शन ॲपमध्ये पाहिलंय), तर आठ हजार गुणिले दोन गुणिले सहा हजार, दिवसाला ९ कोटी ६० लाख. तुझ्या आजच्या महिन्याच्या रीड एका दिवसात. नुसतं उत्पादकावर फिल्टर लावून जुन्याच डॉक्युमेंटवर चालवलंस तरी दिवसाला चार-पाच लाखांवर येईल, म्हणजे तेही परवडेल, पण मग दिवाळीला रडशील. दिवाळीचा फरक काढायला प्रत्येकाचं वर्षभराचं लिटर लागतं. कार्डावरून काढलंस तर माणशी ३६ डॉक्युमेंट, एकेक एन्ट्रीवरून काढलंस तर ७३०. आणि फरकाचा आकडा एकदा काढून भागत नाही हे तुला माहितीच आहे, मीटिंगमध्ये चेअरमन पाच वेळा दर बदलून बघणार.

एक गोम आहे ती सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या देशील. पान एकच डॉक्युमेंट असल्यामुळे त्यात एक ओळ टाकली की त्या पानावर लिसनर असलेल्या प्रत्येक फोनला एक रीड पडते आणि पूर्ण पान परत जातं. दोनशे ओळी, तीन फोन, सहाशे रीड एका वेळच्या. म्हणून लाईव्ह लिसनर फक्त काट्यावरच्या फोनला ठेव. चेअरमनला खाली ओढून रिफ्रेश दे, तो आनंदाने ओढतो. काट्यावरच्या फोनच्या दिवसाला १६,००० रीड होतील सगळ्या संस्था मिळून, त्या वर ४८,००० मध्ये मिळव, ६४,०००. राइट दुप्पट होतील कारण पान आणि कार्ड दोन्हीत लिहायचंय, ३२,०००, फुकट राइट २०,००० आहेत. म्हणजे दोन्हीकडे थोडं वर जाशील आणि महिन्याला शंभर-दोनशे रुपये बिल येईल. येऊ दे.

लिहिताना अख्खं पान सेट करू नको, मर्ज करून फक्त ती एक ओळ लिही, म्हणजे मोठ्या संस्थेत दोन काटे असले तरी एकमेकांचं पुसलं जात नाही. बेरजेला इन्क्रिमेंट (आहे त्यात भर घाल अशी सूचना) वापर, ट्रान्झॅक्शन (आधी वाचून मग लिहिणं) नको, कारण ट्रान्झॅक्शन नेट नसताना चालतच नाही आणि तुझ्या निम्म्या संस्थांना सकाळी नेट नसतं. बॅच राइट (अनेक नोंदी एकत्र लिहिणं) चालतं, ते फोनमध्ये रांगेत थांबतं नि नेट आलं की जातं. आणि ओळीची की तू स्वतः बनव: उत्पादक क्रमांक आणि गाय की म्हैस. मग सेक्रेटरीने घाईत बटण दोनदा दाबलं तरी ओळ एकच राहते. पण बेरजेचं इन्क्रिमेंट दोनदा होईल! ते माझ्याकडे झालं होतं. पान ६८१ लिटर दाखवतंय आणि ओळींची बेरीज ६७५.८, ५.२ लिटरचा माणूस दोनदा. त्यानंतर मी बेरीज साठवणं सोडून दिलं, पान हातात आल्यावर फोनवरच दोनशे आकड्यांची बेरीज करायची, त्याला काय वेळ लागतो. तुला वर बेरजेची फील्ड ठेव म्हटलं ते मागे घेतो मग, लिहिता लिहिता आठवलं.

ऑफलाइनचं हे जे फुकट मिळतंय ना, तेच मुख्य कारण आहे मी तुला हलू नको म्हणतोय त्याचं. व्हीपीएस घेणं सोपं आहे. त्यावर पोस्टग्रेस (नेहमीचा तक्त्यांचा डेटाबेस) टाकणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आज कोऱ्या पाटीवर सुरुवात असती आणि सगळ्या संस्थांना चांगलं नेट असतं तर मी पोस्टग्रेसच घेतलं असतं, हिशोबाचं काम आहे, वर्षाला साठ लाखांच्या आत ओळी, त्याला ते काहीच नाही आणि रिपोर्ट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) दहा मिनिटात निघतात. पण फोनवर एन्ट्री साठवायची, नेट आल्यावर पाठवायची, दोन फोनवर वेगवेगळं असलं तर कुठलं खरं मानायचं, अर्धी गेली नि अर्धी राहिली तर काय, हे स्वतः लिहायला गेलास तर सहा महिने जातील, आणि त्यातले चार तुझे नाही, संस्थांचे जातील, चुकीच्या बिलांवरून. शिवाय व्हीपीएस पहाटे पाचला पडला तर उठणार कोण? तू एकटाच आहेस. हे ज्याचं त्याने ठरवायचं, कुणी जोडीदार असेल, दोघांत पाळी लावता येत असेल तर माझं मत बदलेल.

एडब्ल्यूएस, ॲझ्युअर (मायक्रोसॉफ्टचा), गुगल यात तुझ्या आकाराला मला काही फरक दिसत नाही. तिघांचेही महाराष्ट्रात रीजन आहेत, ॲझ्युअरचं तर पुण्यात २०१५ पासून. एडब्ल्यूएसवर नवीन माणूस गेला की ट्युटोरियल बघून प्रायव्हेट सबनेट (बाहेरून न दिसणारं नेटवर्क) करतो, त्याला नॅट गेटवे (त्यातून इंटरनेटवर जायचं दार) लावतो, आणि ते गेटवे काही काम नसलं तरी तासाचं भाडं घेत राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाने पैसे लागतात. लहान रकमा आहेत, पण तुझं उत्पन्नच १२,००० आहे.

एक मात्र आजच बघ, तुझा डेटाबेस कुठल्या रीजनमध्ये आहे. बरेच जण प्रोजेक्ट करताना जे आधीच निवडलेलं असतं त्यावर ओके करतात आणि डेटा जाऊन बसतो अमेरिकेत. फायरस्टोअरचं ठिकाण एकदा ठरलं की बदलता येत नाही, नवीन डेटाबेस करून सगळं हलवावं लागतं. तसं असेल तर नाहीतरी तू पान-कार्ड असा नवा आराखडा करणारच आहेस, तो मुंबईतच कर.

आता वेळेचं. तू म्हणालास दहा दिवसांच्या बिलात कधीकधी एक वेळचं दूध इकडेतिकडे होतं आणि कारण सापडत नाही. मी पैज लावून सांगतो ते पहाटेचं दूध आहे. तुझा बिलाचा रिपोर्ट क्लाऊड फंक्शनमध्ये (गुगलच्या सर्व्हरवर चालणारा तुझा कोड) निघतो, त्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ५:१५ ला काट्यावर आलेलं दूध यूटीसीत आदल्या दिवशीचं रात्रीचं ११:४५ असतं. टाइमस्टॅम्पवरून (नोंदीवरचा वेळेचा शिक्का) तारीख काढलीस की साडेपाचच्या आत आलेला प्रत्येक माणूस आदल्या तारखेत जातो. एरवी लक्षात येत नाही कारण दहा दिवसांची बेरीज तीच राहते, पण ११ तारखेला आणि २१ तारखेला पहाटे पहिल्यांदा येणारे चार-पाच जण मागच्या बिलात घुसतात. बघ, तक्रार करणारे तेच तेच लोक असतील, लवकर धार काढून येणारे. आम्हाला हे कळायला तीन बिलं गेली, आणि ते शोधलं कुणी तर सेक्रेटरीने, आम्ही नाही. तो म्हणाला साहेब हे सगळे पहाटेचे गिऱ्हाईक आहेत.

उपाय सोपा आहे, तारीख टाइमस्टॅम्पवरून काढूच नको. स्क्रीनवर सेक्रेटरीला जी तारीख आणि सकाळ/संध्याकाळ दिसतेय तीच साध्या अक्षरात पानाच्या नावात जाऊ दे. सर्व्हरचा टाइमस्टॅम्प ठेव वेगळा, भांडण झालं तर बघायला, पण तोही नेट आल्यावर पोचल्याची वेळ सांगतो, दूध मापल्याची नाही. आणि जे काही रोज ठराविक वेळी चालवतोस त्या शेड्यूलला टाइमझोन आशिया/कोलकाता लिहून दे.

पैशाचं पण असंच. रक्कम पैशात पूर्णांक ठेव, लिटर मिलीलिटरमध्ये, दशांश अपूर्णांक नको. ५.२ लिटर गुणिले ३३.१० म्हणजे १७२.१२, पण वीस वेळा अशी फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरचा दशांश प्रकार) बेरीज केलीस की कधीतरी एक पैसा हलतो, आणि उत्पादक तो एक पैसा घेऊन येतो बरं का. येतोच. नुसती रक्कम साठवू नको, फॅट-एसएनएफ कच्चं ठेव आणि कुठल्या क्रमांकाच्या दरपत्रकाने काढलं ते ठेव, कारण संघ एक तारखेपासूनचा दर सहा तारखेला पत्र पाठवून बदलतो आणि मग सगळं मागे जाऊन काढायला लागतं.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: क्लाऊड तोच, डॉक्युमेंटचा आकार बदल, लिसनर एकाच फोनला, तारीख स्क्रीनवरची. एवढ्याने बिलाचा प्रश्न संपतो. पुढचं जे लिहितोय ते तू विचारलेलं नाहीस पण न विचारता सांगणं भाग आहे.

तुझा बॅकअप कुठे आहे? प्रश्नात एक शब्द नाही त्याबद्दल. माझी गोष्ट सांगतो, यात कुणाचा दोष नाही, माझाच. एका क्लायंटचं पोस्टग्रेस, रोज रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) डंप (डेटाबेसची अख्खी प्रत) काढून जीझिप करून (दाबून लहान करून) दुसरीकडे ठेवायचो. रोज सकाळी मेल यायचा, बॅकअप यशस्वी. सात महिने मेल येत होता. मग एक दिवस एकाने चुकीचं टेबल उडवलं, मी म्हटलं काही काळजी नाही, आणि कालची फाइल उघडायला गेलो तर साईज २० बाइट. परवाची, २० बाइट. मागे मागे गेलो, सगळ्या वीस. सात महिन्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, डंप तेव्हापासून फेल होत होता, पण त्याच्यापुढे पाइप लावून जीझिप होतं, ते बापडं रिकामा मजकूर झिप करून "झालं" म्हणत होतं, आणि रिकाम्याची जीझिप फाइल बरोबर २० बाइटची होते. शेवटी छापील रिपोर्टवरून तीन आठवडे डेटा परत भरला, दोन मुलं बसवून. त्या दिवसापासून मी बॅकअप झाला का विचारत नाही, शेवटचं रिस्टोअर करून कधी बघितलं ते विचारतो.

फायरस्टोअरमध्ये तुला रोजचा बॅकअप शेड्यूल करता येतो, जास्तीत जास्त चौदा आठवडे ठेवता येतो. पॉइंट-इन-टाइम चालू केलंस तर मागच्या सात दिवसातल्या कुठल्याही मिनिटाला जाता येतं. दोन्हीला पैसे पडतात पण तुझ्या डेटाला किरकोळ. त्याशिवाय दर महिन्याला एकदा एक्स्पोर्ट काढून स्वतःकडे ठेव (एक्स्पोर्टलाही दर डॉक्युमेंटला एक रीड लागते, नवीन आराखड्यात ते फार होत नाही). हे क्लाऊडवर अविश्वास म्हणून सांगत नाही. पार्स नावाची सेवा होती, ॲप बॅकएंडसाठी, फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी २०१७ ला बंद केली. वर्षभराची मुदत दिली, सर्व्हरचा कोडही ओपन सोर्स केला, म्हणजे व्यवस्थितच केलं. तरी ज्यांना स्वतःचा डेटा स्वतःच्या हातात कसा आणायचा हे आधीपासून माहिती होतं ते लवकर सुटले.

दुसरं, सिक्युरिटी रूल, म्हणजे कुणाला काय वाचता-लिहिता येईल ते नियम. टेस्ट मोडने (सगळ्यांना उघडं) सुरुवात केली की तीस दिवसांनी रूल बंद पडतात, ॲप चालेनासं होतं, मग रात्री अकराला माणूस काय करतो, रूलमधली तारीख पुढे ढकलतो. तू केलंयस का तसं? खरं सांग. केलं असशील तर आत्ता कुणीही तुझ्या ॲपमधून प्रोजेक्टचं नाव काढून चाळीसही संस्थांचं दूध वाचू शकतो, पुसूही शकतो. ॲपमधली फायरबेसची की ही लपवायची गोष्टच नाही, ती दिसणारच, दाराला कडी रूलची असते. उत्पादकाचं ॲप येण्याआधी हे झालंच पाहिजे, एकाला दुसऱ्याचं फॅट दिसलं तर गावात काय होईल ते मी तुला सांगायला नको. रूलमध्ये दुसरं डॉक्युमेंट बघून ठरवत असशील तर त्याचीही रीड लागते, म्हणून संस्था क्रमांक लॉगिनच्या टोकनमध्येच (लॉगिन झाल्यावर मिळणारं ओळखपत्र) कस्टम क्लेम म्हणून घाल.

एसएमएसचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, "प्रत्येक एन्ट्रीला मराठीत एसएमएस पण द्यायचाय". थांब. दिवसाला १६,००० एसएमएस, एकाला वीस पैसे धरले तर ३,२०० रुपये रोज. तू साडेचार हजाराच्या मासिक बिलासाठी झोप घालवलीयस आणि हे महिन्याला ९६,००० होतायत. त्यात मराठी एसएमएस ७० अक्षरांचा, इंग्रजीसारखा १६० चा नाही, आणि अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे, काना-मात्रा-वेलांटी सगळं वेगवेगळं मोजतात, "लि" म्हणजे दोन. "दि. ११/०४ स. गाय ५.२ लि. फॅट ३.८ एसएनएफ ८.५ दर ३३.१० रु. १७२.१२" मी मोजलं, ६३ होतात. संस्थेचं नाव टाकलंस की दोन मेसेजचे पैसे. शिवाय डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची व्यावसायिक एसएमएस नोंदणीची यंत्रणा) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) मंजूर करून घ्यायला लागतात, त्याशिवाय जातच नाही. फायरबेसचं पुश नोटिफिकेशन फुकट आहे, ते दे. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला दहा दिवसाला एकच एसएमएस, बिलाचा. तो तरी संस्थेच्या खर्चाने.

पुशबद्दल एवढंच की काही स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप मारून टाकतात, नोटिफिकेशन उशिरा येतं किंवा येतच नाही. त्यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. ॲप उघडल्यावर कार्ड ताजं दिसलं पाहिजे एवढं बघायचं.

बजेट अलर्ट लावलायस म्हणालास, चांगलं, पण तो फक्त मेल पाठवतो, वापर थांबवत नाही, आणि बिलाचे आकडे यायलाही उशीर लागतो. अलर्ट टप्प्याटप्प्याने लाव, २०० ला, ५०० ला, १,००० ला. कार्डाचं पण बघून ठेव, रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डावरून आपोआप पैसे कापायची परवानगी) नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून बऱ्याच जणांचं ऑटो-डेबिट फेल होतं आणि तो मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये जाऊन पडतो. आणि ते खातं तुझ्या पर्सनल जीमेलवर असेल तर दुसरा एक ॲडमिन जोडून ठेव, फोन हरवला तर चाळीस संस्था अडकतील.

बदल कसा करायचा ते सांगतो नि थांबतो. चाळीसही संस्था एकदम नको. तुझ्या गावातली एक घे, जिथला सेक्रेटरी तुला शिव्या देऊ शकतो अशी. कुठल्याही १, ११ किंवा २१ तारखेला सकाळी सुरू कर, मधेच नाही, म्हणजे अख्खं एक बिल एका बाजूला येईल. दहा दिवस जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी लिही, बिल दोन्हीकडून काढ, आणि तिसरी टॅली कागदी वहीशी, ती अजून लिहीत असतील बघ, नसतील तर दहा दिवस लिहायला लाव. तिन्ही जुळलं की पुढच्या पाच संस्था. नाही जुळलं तर आधी पहाटेची माणसं बघ, मग गाय-म्हैस दोन्ही आणणारी. तरी नाही सापडलं तर उत्पादकांची नावं काढून दोन्हीकडचे आकडे इथे टाक, रविवारी निवांत बसून बघतो.